मापवही

आमचा पत्ता लष्कर.
मिरजेची आत्या पाकिटावर ते लिहिताना दर वेळी थबकायची :
तुमच्यातलं कोण गं फौजेत?
कोणी नाही, आत्या. ग्वाल्हेरचं हे गावच तसं.
कंपूत आता दवाखाने आहेत,
जिन्सीच्या नाल्यावर भाजीवाले बसतात,
तोफा गेल्या, नावं राहिली.
आमच्या घरून लढाईवर गेली
ती फक्त शिलाई.

बाबा सायकलनं मुरारला जात.
छावणीच्या फाटकासमोर आठ बाय दहाचं दुकान,
पाटी : बोत्रे टेलर्स, मिलिटरी व सिव्हिल.
सिव्हिल कोणी यायचं नाही.
मापवहीत त्यांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर :
छाती अडतीस, कंबर तीस,
उजवा खांदा पाव इंच उतरता.
बंदूक माणसाला आपल्या मापाचा करून घेते,
म्हणायचे, आणि तेवढा पाव इंच
कोटातून गुपचूप भरून काढायचे.

एकाहत्तरच्या थंडीत चौदा कोट मशीनवर होते
आणि एका रात्रीत छावणी रिकामी.
आईनं खिडक्यांना काळा कागद डकवला.
बाबांनी मशीन घरी आणलं, कंदिलाला खोळ घातली.
आत्ता कोणाला हवेत कोट? आई म्हणाली.
त्यांनी त्यांचं काम मध्येच सोडलंय का?
एवढंच.
मग पायाखालची खडखड, भोंगा वाजला की थांबणारी,
भोंगा थांबला की पुन्हा.
मी नऊ वर्षांची. काजं करायचे,
अंधारात, बोटांनी चाचपून.

फाल्गुनात नऊ जण आले.
दोन कोट भावांनी नेले,
एकानं सही केली, एकाला येत नव्हती.
मग बरेच दिवस कोणीच नाही.

आणि एका दुपारी हवालदार रंगराव डुबल, कराडकडचे.
डावा हात कोपराच्या वरच संपलेला.
स्टुलावर बसले, चहा फुंकून प्याले, म्हणाले,
बोत्रे, एका बाहीची शिलाई कमी कराल ना?
बाबा हसले नाहीत.
टेप उचलली, खाली ठेवली.
बाही वर घेऊ? टाचून देऊ?
पुरी राहू द्या.
रिकामी लोंबेल, हवालदार.
लोंबू द्या.
हात दिला ना, बोत्रे. बाही कशाला देऊ?

मग दोघं हसले,
इतका वेळ, की शेजारचा पानवाला डोकावून गेला.
माझ्या बोटात सुई शिरली होती,
मी ती तशीच राहू दिली.

लढाईचं त्यांनी काही सांगितलं नाही.
बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, थंडी फार होती.
निघताना मात्र खुंटीजवळ थांबले,
उरलेल्या दोन कोटांपाशी.
एकाची कॉलर उजव्या हातानं नीट केली,
परेडच्या आधी करतात तशी.
याला गळा घट्ट व्हायचा, म्हणाले.
पोरगं मान वळवत राहायचं सारखं.
बाबांनी वही उघडून पान समोर धरलं :
गळा पंधरा. सैल ठेवणे.
हवालदारांनी ते दोनदा वाचलं.
पैसे पुरे मोजून ठेवले, दोन्ही बाह्यांचे.

आता दुकान माझं. शाळेचे गणवेश शिवते,
वाढत्या अंगाची पोरं, दाबात दोन बोटं जास्त सोडते.
ते कोट कोणाला दिले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत.
खंडेनवमीला कात्री, गज, मशीन मांडते
तेव्हा शेजारी त्यांनाही ऊन दाखवते.
कडुनिंबाचा पाला बदलते. कसर लागते ती लागतेच.

परवा एक पोरगा आला, भरतीला निघालेला.
शर्ट शिवायचा होता.
छाती फुगवून उभा राहिला, आरशात बघत.
श्वास सोड, म्हटलं.
काकू, तिथं तर फुगवूनच मोजतात.
तिथलं तिथं. इथं सोड.
त्यानं सोडला.
मग मी टेप लावली
आणि आधी गळा लिहिला.